पोर्तुगालचा आतला भाग इतका रिकामा का?

नकाशावाली

नमस्कार मंडळी. मी अकरावीला भूगोल शिकवते. दक्षिण युरोप शिकवताना पोर्तुगालच्या वाट्याला चारच शब्द येतात: ऑलिव्ह, बूच, मासेमारी, पोर्ट वाइन. यंदा वर्गात 2021 च्या जनगणनेचा घनतेचा नकाशा लावला. ब्रागापासून सेतुबलपर्यंत किनाऱ्याची पट्टी गडद आणि स्पेनच्या बाजूचा जवळजवळ अर्धा देश कोरा. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, ऑलिव्ह आणि बूच आत होतं, तर माणसं समुद्राकाठी का?"

क्षेत्रफळ सुमारे 92,000 चौ. किमी, लोकसंख्या 1 कोटी 3 लाख. घनता सरासरी 112 च्या आसपास येते, पण नकाशावर ही सरासरी शोधून सापडत नाही. आतली जमीन खरंच इतकी वाईट आहे का? आणि ऑलिव्ह-बुचावर नाही, तर हा देश जगतो कशावर? तिथे राहणाऱ्या कुणी सांगितलं तर बरं होईल. ज्ञानकोशातलं वाचून झालंय.

बेजाकर

ताई, मागच्या बाकाला माझ्यातर्फे शाबासकी द्या. मी दक्षिणेतल्या बेजा शहरात राहतो, पाटबंधारे आणि ठिबकच्या कामात आहे, त्यामुळे माझं सांगणं दक्षिणेच्या बाजूला झुकणार हे आधीच धरून चाला.

आधी भूगोल उरकतो. टॅगस नदी देशाचे साधारण दोन तुकडे करते. वरच्या बाजूला डोंगर, ग्रॅनाइट, भरपूर पाऊस आणि कुंपण घातलेली चिमुकली शेतं. खाली अलेंतेजो: लांबच लांब उतरणी, हिवाळ्यात पडला तर पाऊस आणि उन्हाळ्यात चाळिशीच्या वर जाणारा पारा. मुख्य भूमीवर सर्वांत उंच जागा सेरा दा इस्त्रेलामधली तोर्रे, 1,993 मीटर. वर सात मीटरचा दगडी मनोरा आहे, तो 2,000 पुरे करायला बांधला असं इथे सगळे हसत सांगतात. देशातलं सर्वांत उंच शिखर मात्र मुख्य भूमीवर नाहीच. ते अझोर्स बेटांवरचं पिको, 2,351 मीटरचा ज्वालामुखी.

आता तुमचा मुद्दा. 'जमीन वाईट म्हणून माणसं नाहीत' हे उत्तर मला अजिबात पटत नाही. बेजाभोवतीची भारी चिकणमाती देशातल्या उत्तम जमिनींत धरली जाते, आणि नेमकी तिथेच गावं विरळ. जनगणनेच्या वेळी अलेंतेजो विभागाकडे देशाचा तिसरा हिस्सा जमीन होती आणि माणसं सात लाखांच्या आसपास. म्हणजे चौरस किलोमीटरला बाविसेक.

कारण जमीन कशी आहे यापेक्षा कुणाची आहे यात शोधा. इथे पिढ्यान्पिढ्या हजार-हजार हेक्टरांच्या जहागिऱ्या होत्या. मालक लिस्बनला, आणि गावात राहायचे ते रोजंदारीवरचे मजूर. 1929 पासून सरकारने गव्हाची मोहीम काढली, उतारावरची पातळ मातीसुद्धा नांगरली, आणि 1950 च्या सुमारास इथली लोकसंख्या शिखरावर गेली. मग ट्रॅक्टर आणि कापणीयंत्रं आली. ज्याच्या नावावर जमीनच नाही त्याला गावात धरून ठेवणार काय? माणसं टॅगसच्या मुखाशी असलेल्या बारैरूच्या कारखान्यांत गेली, नाहीतर फ्रान्सला. 25 एप्रिल 1974 ला हुकूमशाही कोसळली. त्यानंतर 1975 मध्ये मजुरांनी जहागिऱ्या ताब्यात घेऊन सहकारी शेती सुरू केली, पण पुढच्या वर्षांत बहुतेक जमिनी टप्प्याटप्प्याने मूळ मालकांकडे परत गेल्या.

बुचाचं उदाहरण बघा. बूच म्हणजे एका ओक झाडाची साल. जगातलं जवळपास निम्मं बूच पोर्तुगालचं आणि त्यातला मोठा वाटा अलेंतेजोचा. मे अखेरपासून ऑगस्टपर्यंत साल सुटते. दोन माणसं एका झाडाला लागतात. कुऱ्हाडीने उभी चीर देतात आणि पातं किंचित पिळतात. आवाज पोकळ आला की साल मोकळी आहे. नाही आला तर हात आवरायचा, कारण आतली जिवंत साल दुखावली की त्या जागी झाड नीट बूच धरत नाही. कुऱ्हाडीच्या दांड्याचं टोक पाचरीसारखं तासलेलं असतं, ते आत सरकवून हातभर रुंदीचा पट्टा अख्खा उचकटतात. सोललेलं खोड पिवळट-गुलाबी दिसतं, मग विटकरी होतं, पुढे काळपट. त्यावर पांढऱ्या रंगाने एक आकडा टाकतात, 2024 ला सोललं असेल तर 4. पुढची पाळी नऊ वर्षांनी. पहिली सोलणी झाड पंचवीस वर्षांचं झाल्यावर, आणि बाटलीच्या बुचाला लायक माल तिसऱ्या सोलणीपासून. म्हणजे झाड लावणारा माणूस चाळीस वर्षं थांबायला तयार हवा. हे झाड परवानगीशिवाय तोडताही येत नाही. सोलणाऱ्यांची मजुरी शेतीकामात सर्वांत वरच्या दरांत असते, आणि तरीही तरुण पोरं या कामाला मिळत नाहीत.

हे पट्टे गाड्यांत भरून जातात कुठे? पार उत्तरेला, पोर्तोच्या अलीकडच्या सांता मारिया दा फैरा भागात. शेजारी गाया शहरात पोर्ट वाइनची गोदामं होती, बंदर होतं, म्हणून बुचाचे कारखाने तिथे वसले आणि तिथेच राहिले. झाड आमच्याकडे, पगार त्यांच्याकडे. माल कुठे उगवतो यापेक्षा तो कुठे कापला, शिवला, भरला जातो तिथे माणसं जमतात. तुमच्या नकाशावरचा गडद पट्टा मला तरी तसाच दिसतो.

गिमराइशची_सून

बेजाकर काका, सगळं खरं, पण 'झाड आमच्याकडे, पगार त्यांच्याकडे' हे जरा फारच झालं हं! आमच्याकडचे पगार बघितलेत का?

ताई, उत्तरेचं चित्र वेगळं आहे म्हणून लिहिते. मी चपला-बुटांच्या धंद्यात, निर्यातीची कागदपत्रं बघते. उत्तर विभागात जनगणनेत 35 लाख 86 हजार माणसं निघाली, लिस्बन महानगरापेक्षा सात लाखांनी जास्त. पण ती एका शहरात नाहीत. गिमराइशहून निघून कुठल्याही दिशेला जा, वस्ती तुटतच नाही. घर, मक्याचा तुकडा, कडेने मांडवावर चढवलेली द्राक्षं, मग कापडाचा कारखाना, मग चर्च, परत घर. सासऱ्यांची जमीन तीन ठिकाणी आहे आणि तिन्ही मिळून एक हेक्टरही भरत नाही. या जमिनीवर पोट भरत नाही, पण ती सोडवतही नाही. म्हणून मिन्योतली, म्हणजे आमच्या वायव्य भागातली पिढी दिवसा कारखान्यात आणि संध्याकाळी मक्यात, अशी जगली. कारखाने इथे फोफावले याचं मोठं कारण हेच, असं मला वाटतं: मजुराकडे स्वतःचं घर आणि बटाटे होते, म्हणून तो कमी पगारात राबला.

2001 च्या अखेरीस चीन जागतिक व्यापार संघटनेत आला, 2005 ला कापडाच्या आयातीवरचे कोटे गेले आणि आव्ह नदीच्या खोऱ्यातल्या कितीतरी गिरण्या बसल्या. बुटांचा धंदा वेगळ्या वाटेने वाचला. स्वस्त माल सोडून दिला आणि छोट्या संख्येतला, पटकन हातात मिळणारा, महाग माल धरला. फेल्गैराशमध्ये आज एकाच लाइनवर सकाळी एका फ्रेंच दुकानाचे दीडशे जोड आणि दुपारी डॅनिश दुकानाचे दोनशे निघतात. देशात बनणाऱ्या बुटांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त बाहेर जातात.

आणि एक. 'आत' म्हणजे फक्त अलेंतेजो नव्हे. आमच्याही पलीकडे, डोंगरामागे, त्राश-उश-मोंतिश आहे. तिथे जमीन छोट्या मालकांचीच आहे, तरी गावं ओस पडलीत. मग जहागिऱ्यांचं कारण तिथे कसं लागू पडणार?

बेजाकर

वहिनी, मुद्दा बिनतोड. तिथलं कारण फ्रान्स आणि रस्ते. साठच्या दशकात डोंगरातली माणसं चोरवाटेने सीमा ओलांडून पॅरिसच्या बांधकामांवर गेली. कुणी गरिबीला कंटाळून, कुणी अंगोला-मोझांबिक या वसाहतींतल्या लढाईतली सक्तीची भरती चुकवायला. त्यांनी पैसे पाठवले, गावात टाइल्स लावलेली मोठी घरं बांधली, आणि ती अकरा महिने बंद असतात. ऑगस्टमध्ये फ्रेंच नंबरप्लेटच्या गाड्या आल्या की त्याच गावात पार्किंगला जागा मिळत नाही.

शिवाय स्पेनबरोबरची सीमा युरोपातल्या सर्वांत जुन्या सीमांपैकी एक. 1297 च्या तहानंतर फारशी हललेली नाही. पलीकडे स्पेनचीसुद्धा गरीब आणि विरळ बाजू. दोन्ही देशांनी एकमेकांकडे पाठ करून घरं बांधली म्हणा ना. बाजारपेठ दोन्हीकडून लांब.

नकाशावाली

वा, दोघांचेही आभार! बुचाच्या झाडावरचा आकडा मुलांना फार आवडणार. आणखी एक विचारते. आमच्या पुस्तकी तर्काने पाणी आलं की शेती वाढते आणि शेती वाढली की वस्ती वाढते. अल्केव्हा धरणाबद्दल वाचलं, इतका मोठा जलाशय. मग अलेंतेजो भरायला लागलाय का?

बेजाकर

नाही. आणि हे मी त्याच पाण्यावर पोट भरणारा माणूस म्हणून सांगतो.

अल्केव्हाची गोष्ट थोडी रंगवून सांगावीशी वाटते. ग्वादियाना नदीचं पाणी अडवायची कल्पना पन्नासच्या दशकातली. 1976 ला काम सुरू झालं, 1978 ला थांबलं, आणि अर्धवट भिंत वर्षानुवर्षं तशीच उभी. तिच्यावर कुणीतरी मोठ्या अक्षरांत रंगवलं होतं, "बांधा की मला, च्यायला!" (मूळ शब्द याहून जरा तिखट आहे, वर्गात नको.) शेवटी फेब्रुवारी 2002 मध्ये दरवाजे बंद झाले. जलाशय भरला की 250 चौ. किमी पाणी, पश्चिम युरोपातला सर्वांत मोठा मानवनिर्मित तलाव. लूझ नावाचं गाव त्यात गेलं. नवं लूझ थोड्या अंतरावर वसवलं, जुन्या शेजाऱ्यांना शक्यतो शेजारीच ठेवून. स्मशानभूमीसुद्धा हलवली.

पाणी आलं. पहिल्या टप्प्यात सुमारे 1,20,000 हेक्टर भिजायला लागलं. पण लागलं काय? ऑलिव्हची कुंपणं. जुन्या बागेत हेक्टरी शंभरेक झाडं असायची. आता हेक्टरी दीड-दोन हजार रोपं द्राक्षासारखी ओळीत लावतात, मुळाशी ठिबक, आणि कापणीला ओळीवर दोन्ही बाजूंनी पाय टाकून चालणारं यंत्र. एक चालक रात्रीत जेवढं उतरवतो तेवढ्याला पूर्वी काठ्या आणि जाळ्या घेतलेली पन्नास माणसं लागत. (यंत्रं रात्री चालवणं नंतर थांबवलं, कारण झाडांत झोपलेले पक्षी मरत होते.) 2021-22 च्या हंगामात देशाचं ऑलिव्ह तेल 2 लाख टनांच्या पुढे गेलं. आणि धरणाच्या लाभक्षेत्रात मधोमध बसलेली बेजा नगरपालिका? 2011 ला 35,850 च्या घरात, 2021 ला 33,400. तेल वाढलं, माणसं घटली.

बारीक तपशील हवा असेल तर बेजाचीच आगगाडी घ्या. लिस्बनहून विजेवरची गाडी कासा ब्रांकापर्यंत येते. तिथे उतरायचं, फलाट ओलांडायचा, डिझेलच्या डब्यात बसायचं, कारण पुढे विजेची तारच नाही. विमानतळ मात्र आहे! 2011 ला नागरी वाहतुकीला खुला झाला, धावपट्टी इतकी लांब की ए-380 उतरतं, आणि प्रवासी जवळजवळ शून्य. विमानं उभी करून ठेवायला मात्र जागा उत्तम.

आता उलटा दाखला, तो मुलांना जरूर दाखवा. त्याच जनगणनेत सर्वांत जास्त टक्क्यांनी वाढलेली नगरपालिका लिस्बनजवळची नाही. ती ओदेमिरा, अलेंतेजोच्याच नैर्ऋत्य किनाऱ्यावर, 13.3 टक्के वाढ. तिथे सांता क्लारा धरणाचं पाणी आहे, समुद्रामुळे गारठा नाही, आणि प्लास्टिकच्या बोगद्यांत रास्पबेरी आणि ब्लूबेरी. रास्पबेरी यंत्राने तोडता येत नाही. बोटांनी देठावरून अलगद ओढावी लागते, जरा दाबली की तिचा लगदा होतो, आणि काही दिवसांत उत्तर युरोपच्या दुकानात पोचली पाहिजे. म्हणून माणसं लागतात, आणि ती नेपाळ, भारत, बांगलादेश, थायलंडहून आली. तिथल्या साँव तेओतोनियो गावाच्या चौकात संध्याकाळी पोर्तुगीजपेक्षा पंजाबी आणि नेपाळी जास्त ऐकू येते. घरं मात्र तेवढीच राहिली. 2021 च्या वसंतात कोरोनामुळे तिथल्या दोन गावभागांभोवती नाकेबंदी करावी लागली, तेव्हा एकेका खोलीत किती माणसं झोपतात हे अख्ख्या देशाने टीव्हीवर पाहिलं. ओदेमिरात आधी कुणाला माहीत नव्हतं असं मात्र कुणी सांगू नये.

अठ्ठावीस_नंबर

लिस्बनवाला आहे, 'देश जगतो कशावर' हे कुणीच नीट सांगितलं नाही म्हणून लिहितो.

शेतीचा सकल उत्पन्नातला वाटा दोन-तीन टक्के. सेवा तीन-चतुर्थांशाच्या आसपास, त्यात पर्यटन जोरात. 2023 ला हॉटेलं-वसतिगृहांत 3 कोटी पाहुणे उतरले, देशाच्या लोकसंख्येच्या जवळजवळ तिप्पट. कारखान्यांत एकटा पाल्मेलाचा फोक्सवॅगनचा प्रकल्प वर्षाला दोन लाखांहून जास्त गाड्या काढतो. 2023 च्या ऑगस्टमध्ये स्लोव्हेनियात पूर आला, तिथल्या एका पुरवठादाराचा सुटा भाग येईना, तर सप्टेंबरात पाल्मेलाची लाइन काही आठवडे ठप्प! त्या एका कारखान्यामुळे देशाच्या निर्यातीचे आकडे हलतात, इतकी छोटी अर्थव्यवस्था आहे ही. विजेत मात्र मानलं पाहिजे. 2024 ला देशाने वापरलेल्या विजेपैकी सुमारे 71 टक्के पाणी, वारा, ऊन आणि जैवभारावरची.

2011 ला देश दिवाळखोरीच्या काठावर गेला होता, 78 अब्ज युरोंचं कर्ज घ्यावं लागलं. त्या वर्षांत दरसाल लाखाहून जास्त माणसं बाहेर पडली, बरीचशी पदवीधर. आज सरकारी हिशोब शिलकीत आहे, कर्जाचं प्रमाण उतरलंय, सगळे पाठ थोपटतात. पण 2025 चं किमान वेतन महिना 870 युरो (वर्षाला चौदा पगार, उन्हाळ्याचा आणि नाताळचा धरून), आणि लिस्बनमध्ये बरी एक खोलीची जागा घ्यायला गेलात तर त्यात भाडंसुद्धा भागत नाही. 2012 पासून घर घेणाऱ्या परदेशी श्रीमंतांना निवासाचा परवाना द्यायची योजना होती. 2023 ला घरांच्या खरेदीवरचा तो मार्ग बंद केला, पण तोवर किमती जिथे जायच्या तिथे गेल्या होत्या.

आणि म्हातारपण. 15 वर्षांखालच्या दर 100 मुलांमागे 65 च्या वरची 182 माणसं. 2011 ते 2021 लोकसंख्या दोन टक्क्यांनी घटली. नंतर वाढली ती बाहेरून आलेल्यांमुळे. 2023 अखेर परदेशी रहिवासी 10 लाखांच्या पुढे गेले, सर्वांत जास्त ब्राझीलचे. आमच्या इमारतीत जिना पुसणारी, बेकरीत पाव देणारी आणि माझ्या सासूबाईंना सांभाळणारी, तिघीही ब्राझीलच्या. त्या गेल्या तर शहर दुपारपर्यंत बंद.

नकाशावाली

अहो, मासेमारी राहिलीच की!

गिमराइशची_सून

ताई, खाण्यात पहिला नंबर, पकडण्यात नाही. माणशी मासे खाण्यात पोर्तुगाल युरोपीय संघात सर्वांत वर आहे, पण नाताळच्या रात्री आमच्या ताटात जो खारवलेला कॉड असतो तो नॉर्वे किंवा आइसलंडच्या पाण्यातला. इथल्या समुद्रात तो होतच नाही. सार्डिन आपली. तिचे डबे मातोझिन्योशला अजून भरतात, बायका हातानेच मासे रचतात, शेपटी-डोकं आलटून-पालटून.

बेजाकर

सूनबाईंनी पुरवणी जोडली ते बरं झालं. ताई, मुलांना करायला द्यायचं असेल तर रिकामा नकाशा द्या आणि चारच नगरपालिका रंगवायला सांगा. बारांकुश, सीमेवरची, दहा वर्षांत पाचव्या हिश्श्याहून जास्त माणसं गेली. बेजा, पाणी येऊनही घटली. ओदेमिरा, सर्वांत जास्त वाढली. चौथी माफ्रा, लिस्बनच्या उत्तरेला, लिस्बनची भाडी न परवडणाऱ्यांनी भरलेली. मग त्यावर महामार्ग आणि आगगाडीच्या रेषा काढा. आतल्या भागातल्या बऱ्याच महामार्गांवरचा टोल 1 जानेवारी 2025 पासून रद्द झालाय, तेव्हा 2031 च्या जनगणनेत काही फरक पडतो का, हा प्रश्न पुढच्या बॅचला ठेवून द्या.

मध्य भागातली निलगिरीची जंगलं मी मुद्दाम सोडली. माणसं गेली, शेरडं गेली, रान माजलं, कागदासाठी निलगिरी लागली, आणि जून 2017 मध्ये पेद्रोगाँव ग्रांदच्या वणव्यात 66 जणांचा जीव गेला, त्यातले बरेचसे रस्त्यावर गाड्यांतच. त्याला वेगळा धागा काढा, मी तिकडे लिहितो.